वेळफलकामागचा वेग

फॉर्म्युला वनच्या हंगामपूर्व चाचणीत प्रत्येक लॅपची वेळ हजारांश सेकंदापर्यंत मोजली जाते. ती कोणत्या अवस्थेत नोंदली गेली, हे मात्र वेळफलकावर नसते. टाकीत इंधन किती होते, इंजिन किती ताकदीवर लावले होते, ड्रायव्हरने शेवटच्या दोन वळणांवर मुद्दाम पाय सैल केला का, हे ज्याच्या-त्याच्या गॅरेजलाच ठाऊक असते. तरीही पहिल्या शर्यतीआधी कोण पुढे आहे आणि किती पुढे आहे, याचे उत्तर काढणे हे संघांच्या इंजिनिअरांचे, तांत्रिक पत्रकारांचे आणि विश्लेषकांचे नेमून दिलेले काम असते. आकडेमोड त्यात भरपूर आहे, पण कामाचा गाभा पुराव्याची प्रत ठरवण्यात आहे. संघाला कोणती गोष्ट सहज लपवता येते आणि कोणती लपवता येत नाही, हे ज्याला ओळखता येते त्याचा अंदाज सहसा टिकतो.

या कामाला आजचे महत्त्व आले ते चाचण्यांवरच्या निर्बंधांमुळे. पूर्वी मोठे संघ वर्षभर चाचण्या घेत असत. २००९ पासून हंगाम सुरू असतानाच्या चाचण्या जवळपास बंद झाल्या आणि हिवाळ्यातल्या मोजक्या दिवसांवर सगळा भार आला. बार्सिलोनाजवळचे माँटमेलो इथले सर्किट बरीच वर्षे या चाचण्यांचे मुख्य ठिकाण होते. २०१९ मध्ये तिथे चार-चार दिवसांची दोन सत्रे झाली, २०२० मध्ये दिवस सहावर आले आणि २०२१ मध्ये बहरीनच्या सखीर सर्किटवर अवघ्या तीन दिवसांत चाचणी आटोपली. २०२३ ते २०२५ या वर्षांतही बहरीनचे तीन दिवसच मिळाले. एका संघाची एका वेळी एकच गाडी ट्रॅकवर येते, त्यामुळे तीन दिवसांच्या चाचणीत प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला सुमारे दीड दिवस येतो. एवढ्या वेळात नवी गाडी समजून घ्यायची असल्यामुळे फलकावर अव्वल दिसणे हे बहुतेक संघांचे उद्दिष्ट नसतेच.

चाचणीचा दिवस कसा उलगडतो हे ठाऊक असले की अर्धा गोंधळ कमी होतो. सकाळी गाड्या बाहेर येतात त्या पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या मागे धातूच्या जाळ्या लावून. या जाळ्यांवरचे संवेदक हवेचा दाब मोजतात. काही गाड्यांच्या पंखांवर हिरवा किंवा निळा द्रव रंग फासलेला असतो आणि तो ज्या रेषांत पसरतो त्यावरून हवेचा प्रवाह कळतो. या फेऱ्या ठरावीक वेगाने मारल्या जातात आणि त्यांच्या वेळेला काहीही अर्थ नसतो. त्यानंतर गाडीची मांडणी बदलत पाच-सहा लॅपच्या छोट्या फेऱ्या होतात. दुपारनंतर लाँग रन, म्हणजे एकाच टायरवर सलग दहा-पंधरा लॅप, आणि कधी पूर्ण शर्यतीची तालीम होते. अधूनमधून पिटमधल्या टायरबदलांचा आणि शर्यतीच्या सुरुवातीचा सराव चालतो. या प्रत्येक प्रकारातली सर्वांत वेगवान लॅप एकाच यादीत एकाखाली एक छापली जाते. विश्लेषकाचे पहिले काम ही यादी पुन्हा सुटी करण्याचे असते. कोणती लॅप कोणत्या प्रकारच्या फेरीत, दिवसाच्या कोणत्या तासाला, कोणत्या टायरवर आणि त्या टायरच्या कितव्या लॅपला झाली, याची नोंद तो गाडीगणिक ठेवतो. काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सगळे निष्कर्ष याच वहीवर उभे राहतात.

वेळ बदलणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक इंधनाचा. १० किलो इंधन वाढले की बार्सिलोना किंवा बहरीनसारख्या सर्किटवर लॅपची वेळ ढोबळमानाने ०.३ सेकंदाने वाढते. २०१९ पासून २०२५ पर्यंतच्या नियमांत शर्यतीसाठी कमाल ११० किलो इंधनाची मुभा होती. म्हणजे भरलेली टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांच्यात तीन सेकंदांहून अधिक फरक पडत असे. अख्ख्या ग्रिडमधले अंतर बहुधा यापेक्षा कमी असते. दुसरी गोष्ट टायरची. पिरेली कंपनी २०१९ पासून टायरच्या प्रकारांना सी१, सी२ अशी नावे देते. क्रमांक वाढतो तसा टायर मऊ होतो. एका पायरीचा फरक सर्किटनुसार काही दशांशांपासून अर्ध्या-पाऊण सेकंदापर्यंत असतो. टायर मात्र लपत नाही. त्याच्या बाजूवरचा रंग दिसतो आणि अधिकृत यादीतही तो नोंदला जातो. तिसरी गोष्ट इंजिनची. चाचणीत इंजिन पूर्ण ताकदीवर चालवण्याचे कारण नसते, कारण ते टिकते की नाही हे पाहणे जास्त महत्त्वाचे असते. ताकद किती कमी ठेवली आहे हे बाहेरून थेट दिसत नाही. चौथी गोष्ट वजनाची. शर्यतीच्या शनिवार-रविवारी गाडी काट्यावर चढते आणि किमान वजनापेक्षा हलकी निघाली तर बाद होते. २०२५ मध्ये ही मर्यादा ८०० किलो होती. चाचणीत असा धाक नसतो.

या अनिश्चितता एकत्र आल्या की काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसते. ‘अ’ संघाची वेळ १:३१.० आहे, टायर सी३. ‘ब’ संघाची वेळ १:३०.४ आहे, टायर सी४. दोन टायरांतला फरक ०.४ सेकंद धरला आणि ‘अ’च्या टाकीत ‘ब’पेक्षा १५ किलो जास्त इंधन होते असे मानले, तर ‘अ’च्या वेळेतून ०.४ आणि ०.४५ वजा होतात. ‘अ’ची दुरुस्त वेळ १:३०.१५ येते आणि तो पाव सेकंदाने पुढे जातो. इंधनातला फरक प्रत्यक्षात ५ किलोच असेल तर दुरुस्त वेळ १:३०.४५ येते आणि ‘ब’ किंचित पुढे राहतो. दहा किलोंच्या चुकीने क्रम उलटतो. दशांश सेकंदाच्या फरकांवर संघांची क्रमवारी लावणारा कोणताही तक्ता या कसोटीवर तपासावा लागतो, आणि चाचणीच्या पहिल्या संध्याकाळी निघणारे बहुतेक तक्ते या तपासणीत गळतात.

म्हणून अनुभवी निरीक्षक वेळांकडे पाहताना एक असमतोल लक्षात ठेवतात. मंद वेळेला शंभर कारणे असू शकतात, त्यामुळे मंद वेळ जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. वेगवान वेळेला कारणे थोडी असतात. नियमाप्रमाणे वजन असलेल्या गाडीने एखादी वेळ काढली, तर ती गाडी किमान तेवढी वेगवान आहे हे नक्की होते. संघ आपला वेग झाकू शकतो. नसलेला वेग दाखवायचा तर त्याच्याकडे हलकी गाडी आणि जवळपास रिकामी टाकी एवढेच मार्ग उरतात. पॅडॉकमध्ये वेग झाकण्याला सँडबॅगिंग म्हणतात आणि दिखाव्यासाठी काढलेल्या लॅपला ग्लोरी रन. प्रायोजकांच्या शोधात असलेल्या संघाकडून अशी लॅप निघण्याची शक्यता जास्त, म्हणून संघाची आर्थिक स्थितीही निरीक्षकाच्या वहीत एक रकाना अडवते.

या रकान्याचा उपयोग आणि धोका दोन्ही इतिहासात दिसतात. २००१ च्या हिवाळी चाचण्यांत प्रॉस्ट संघाच्या गाडीत जाँ अलेसी फलकाच्या वरच्या टोकाला दिसत होता. हंगामात संघाला अवघे ४ गुण मिळाले आणि २००२ चा हंगाम सुरू होण्याआधी संघ बंद पडला. आठ वर्षांनी चित्र नेमके उलटे होते. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली आणि त्या संघातून रॉस ब्रॉन यांचा ब्रॉन जीपी उभा राहिला. मार्च २००९ मध्ये बार्सिलोनाला ही जवळजवळ बिनजाहिरातीची पांढरी गाडी पहिल्यांदा इतरांसोबत धावली आणि लवकरच वेळफलकाच्या वर गेली. प्रायोजक नसलेला संघ, म्हणजे टाकी रिकामी असणार, असा तर्क सोपा होता. पण चार दिवसांच्या त्या चाचणीत जेन्सन बटन आणि रुबेन्स बारिकेलो या दोघांच्याही वेळा वरच राहिल्या, आणि त्यामागे गाडीच्या मागच्या भागातल्या दुहेरी डिफ्यूझरसारखे दिसण्याजोगे तांत्रिक कारण होते. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत बटन पहिला आणि बारिकेलो दुसरा आला. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या आणि वर्षअखेर दोन्ही विजेतेपदे ब्रॉनकडे गेली. आर्थिक हेतूचा संशय वाजवी असला तरी तो तपासाची सुरुवात करून देतो, निकाल देत नाही. एकच लॅप चमकली की अनेक दिवस, दोन ड्रायव्हर आणि वेगवेगळ्या टायरांवर तोच वेग दिसला, हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

इंधनाचा आकडा कळत नसला तरी त्याची खालची मर्यादा काढता येते, आणि ही युक्ती वहीतल्या साध्या नोंदींवर चालते. बहरीनची लॅप ५.४१२ किलोमीटरची असून शर्यत ५७ लॅपची असते. २०२५ पर्यंतची ११० किलोंची मर्यादा लक्षात घेता एका लॅपला सुमारे पावणेदोन ते दोन किलो इंधन लागत असे. समजा एखाद्या ड्रायव्हरने फेरीच्या दुसऱ्या लॅपला आपली सर्वोत्तम वेळ काढली आणि त्यानंतर पिटमध्ये न येता आणखी दहा लॅप मारल्या. मग ती वेळ काढताना गाडीत किमान १८ किलोंच्या आसपास इंधन होतेच, म्हणजे किमान अर्ध्या सेकंदाची सूट द्यावी लागते. उलट, बाहेर येणे, एक वेगवान लॅप आणि परत गॅरेज, अशा तीन लॅपच्या फेरीत टाकी किती भरलेली होती ते सांगता येत नाही. ती रिकामीही असू शकते आणि ४० किलोंनी भरलेलीही. म्हणून लांब फेरीतली मध्यम वेळ छोट्या फेरीतल्या चांगल्या वेळेपेक्षा पुष्कळदा मोलाची ठरते. सर्किटच्या तीन भागांच्या वेळाही बोलक्या असतात. पहिल्या दोन भागांत आपल्या सर्वोत्तम वेळा काढणारा ड्रायव्हर तिसऱ्या भागात वारंवार अर्धा सेकंद गमावत असेल, तर तो मुद्दाम पाय उचलतो आहे अशी शंका घ्यायला जागा असते.

लाँग रनमध्ये पुराव्याची प्रत आणखी सुधारते, कारण तिथे वेळेपेक्षा वेळेचा उतार पाहिला जातो. प्रत्येक लॅपला इंधन जळते, गाडी हलकी होते आणि वेळ सुमारे ०.०५ सेकंदाने सुधारायला हवी. त्याच वेळी टायर झिजतो आणि वेळ बिघडते. पंधरा लॅपमध्ये वेळ जवळपास सारखीच राहिली, तर टायर दर लॅपला ०.०५ सेकंद गमावतो आहे असे निघते. वेळ दर लॅपला ०.१ सेकंदाने वाढत गेली, तर झीज ०.१५ सेकंदाची ठरते. फेरी सुरू होताना टाकीत ४० किलो होते की ९०, याने या उताराला फारसा फरक पडत नाही. संघाने आपला वेग झाकला तरी टायर कसा वापरला जातो हे झाकणे अवघड असते, आणि शर्यतीचा निकाल बहुतांश त्यावरच ठरतो. अर्थात ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवून टायर वाचवत असेल तर उतार चांगला दिसतो, म्हणून उतार आणि सरासरी वेळ एकत्र वाचतात. दोन्ही चांगले असणारी गाडी हाच भरवशाचा संकेत.

पूर्ण शर्यतीच्या तालमीत इंधनाचे कोडे जवळपास सुटते. ५७ लॅप, मध्ये फक्त टायरबदल, इंधन भरणे नाही. म्हणजे २०२५ पर्यंतच्या नियमांत सुरुवातीला टाकीत शंभर किलोंच्या आसपास इंधन असलेच पाहिजे होते. दोन संघांनी एकाच संध्याकाळी अशी तालीम केली तर तुलना सर्वांत शुद्ध होते. २०२३ मध्ये बहरीनला ॲस्टन मार्टिनच्या गाडीत फर्नांडो अलोन्सोच्या लांब फेऱ्यांनी निरीक्षकांना थांबून पाहायला लावले. आदल्या वर्षी मधल्या फळीत अडकलेला हा संघ एकदम पुढे कसा, हे पटायला जड होते, पण लॅपमागून लॅप उतार सौम्य राहिला होता. पहिल्या शर्यतीत अलोन्सो दोन्ही रेड बुलमागे तिसरा आला. २०२५ मध्ये एकूण यादीत सर्वांत वर विल्यम्सच्या कार्लोस साइन्झची १:२९.३४८ ही वेळ होती. जाणकार मात्र दुसऱ्या दिवशीच्या लँडो नॉरिसच्या लाँग रनबद्दल बोलत होते. मेलबर्नची पहिली शर्यत नॉरिसने जिंकली, आणि त्या वर्षी मॅक्लारेनला संघांचे, नॉरिसला ड्रायव्हरांचे विजेतेपद मिळाले.

संघांच्या इंजिनिअरांकडे याहून बारीक साधन असते. गाड्यांच्या जीपीएस नोंदींवरून प्रतिस्पर्ध्याचा वेग सर्किटवरच्या प्रत्येक टप्प्यावर आलेखाच्या रूपात मांडता येतो. हळू वळणातून बाहेर पडताना गाडी कशी वेग घेते यावरून वजन आणि इंजिनची ताकद यांचा अंदाज येतो. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग कुठे थांबतो यावरून हवेचा अडथळा कळतो. वळणाच्या मध्यावरचा किमान वेग टायरची पकड आणि डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, सांगतो. एखादी गाडी सरळ रस्त्यावर आळसावलेली पण वळणात सर्वांत वेगवान दिसली, तर इंजिन मुद्दाम कमी ताकदीवर ठेवल्याचा संशय बळावतो आणि त्या संघाच्या वेळेतून आणखी काही दशांश वजा होतात. वळणातच कमी पडणाऱ्या गाडीला अशी सवलत सहजासहजी मिळत नाही.

पत्रकारांकडे हे आलेख नसतात, पण त्यांना ट्रॅकच्या कडेला उभे राहता येते, आणि तिथे दिसणाऱ्या गोष्टी फलकावर येत नाहीत. बहरीनचे दहावे वळण यासाठी प्रसिद्ध आहे. डावीकडे वळता वळता ब्रेक लावावा लागतो, आतल्या बाजूचे पुढचे डावे चाक हलके होते आणि लॉक होऊन धूर काढते. कोणती गाडी तिथे दर लॅपला एकाच रेषेत जाते आणि कोणत्या गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंग दोनदा दुरुस्त करतो, हे तासभर पाहिले तरी कळते. ॲक्सिलरेटर कुठे उघडला, किती ठामपणे उघडला, हे कानांना कळते. गाडीत ८० किलो इंधन असो वा १०, मागची बाजू वळणात अचानक निसटत असेल तर ती निसटतेच. २०२१ च्या चाचणीत मर्सिडिझची मागची बाजू अशीच बेभरवशाची दिसली आणि लुईस हॅमिल्टनची गाडी फिरलीही. त्या वर्षीच्या नियमांनी गाडीचा मागचा तळ कापला होता आणि त्याचा फटका मर्सिडिझसारख्या, मागची बाजू कमी उचललेल्या गाड्यांना जास्त बसला. पहिल्या शर्यतीच्या पात्रता फेरीत रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला ०.३८८ सेकंदाने मागे टाकले, म्हणजे कडेवरून दिसलेले खरे निघाले. तरी शर्यत हॅमिल्टनने ०.७४५ सेकंदाने जिंकली. एका लॅपचा वेग आणि शर्यतीचा निकाल यांच्यामध्ये डावपेच आणि टायर येतात, हे चाचणीचा निष्कर्ष लिहिताना वेगळे नोंदवावे लागते.

प्रतिष्ठा हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. २०२२ मध्ये नव्या नियमांच्या गाड्या सरळ रस्त्यावर वेगाने वरखाली उसळत होत्या. या प्रकाराला पॉरपॉइझिंग हे नाव सगळ्यांच्या तोंडी झाले. मर्सिडिझने बहरीनला जवळजवळ बाजूच नसलेली अरुंद गाडी आणली. ती जोरात उसळत होती आणि ड्रायव्हर उघड सांगत होते की आपण विजयासाठी लढू शकणार नाही. सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मिळवणारा संघ असे म्हणतो म्हणजे तो वेग झाकतो आहे, असे अनेकांनी मानले. मर्सिडिझला त्या वर्षी एकच शर्यत जिंकता आली. त्याच चाचणीत हास संघाबाबत याच्या उलट घडले. सामान उशिरा पोहोचल्यामुळे हासला जादा वेळ मिळाला होता, आणि इतर गाड्या आत गेल्यावर, थंड झालेल्या ट्रॅकवर केव्हिन मॅग्नुसनने दुसऱ्या दिवसाची अव्वल वेळ काढली. परिस्थितीचा फायदा मिळाला हे खरेच होते, म्हणून ती वेळ मोजणीतून वगळली गेली. पण २०२१ मध्ये एकही गुण न मिळवलेल्या या संघाचा मॅग्नुसन पहिल्याच शर्यतीत पाचवा आला. मोठ्या नावाला जास्त सूट आणि छोट्या नावाला कमी, अशी सवय निरीक्षकाच्या हाताला नकळत लागते. म्हणून काही जण गाड्यांची नावे झाकून आधी फक्त आकडे मांडतात आणि नावे शेवटी उघडतात.

संघांच्या बोलण्याला पुराव्यात स्थान आहे, पण कोण बोलतो आणि काय बोलतो यावर त्याची किंमत ठरते. प्रतिस्पर्ध्याची स्तुती फुकट असते. २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या आठव्या दिवशी सेबास्टियन फेटेलने फेरारीत १:१६.२२१ अशी वेळ काढली आणि हॅमिल्टन फक्त ०.००३ सेकंद मागे राहिला. तरी हॅमिल्टनने फेरारी पुष्कळ पुढे असल्याचे सांगितले आणि बहुतेकांनी ते मान्य केले. मेलबर्नला मर्सिडिझचा व्हाल्टेरी बोटास जिंकला आणि फेटेल सुमारे ५७ सेकंद मागे, चौथा आला. पहिल्या पाचही शर्यतींत मर्सिडिझ पहिली-दुसरी होती. फेरारीच्या बाजूने असलेले मत अगदीच निराधार नव्हते. पहिल्या आठवड्यात मर्सिडिझ खरोखर मागे दिसत होती. मात्र दुसऱ्या आठवड्यात तिने गाडीचे बाह्य भाग मोठ्या प्रमाणात बदलले आणि आधीच्या नोंदी निरुपयोगी झाल्या. स्वतःच्या अपयशाची तांत्रिक तपशिलासह दिलेली कबुली मात्र गांभीर्याने घ्यावी लागते. २०२० मध्ये फेरारीने चाचणीनंतर आपण मागे असल्याचे मान्य केले आणि वर्षअखेर संघ सहावा आला. २०२३ मध्ये मॅक्लारेनने गाडी ठरवलेल्या उद्दिष्टांपर्यंत पोहोचली नसल्याचे हंगामाआधीच सांगितले होते, आणि बहरीनच्या शर्यतीत ते लगेच दिसले.

किती लॅप झाल्या हा आकडा कोणत्याही दुरुस्तीशिवाय वापरता येतो, कारण बिघडलेली गाडी चालू असल्याचे भासवता येत नाही. २०१४ मध्ये टर्बो-हायब्रिड इंजिने आली तेव्हा जेरेझच्या चार दिवसांत मर्सिडिझने ३०९ लॅप मारल्या, तर आधीची चार वर्षे विजेता राहिलेल्या रेड बुलला २१ लॅपच मारता आल्या. मर्सिडिझने त्या हंगामातल्या १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. उरलेल्या तीन मात्र रेड बुलनेच जिंकल्या आणि संघ दुसरा आला. लॅपचा आकडा पहिल्या काही शर्यतींबद्दल खात्रीने बोलतो. पुढच्या महिन्यांबद्दल त्याची साक्ष क्षीण होत जाते. नियम स्थिर असलेल्या वर्षांत सगळेच संघ भरपूर धावतात आणि या आकड्यातून वेगळे काही निघत नाही.

ट्रॅक आणि हवामान यांचा हिशेब राहतो. फेब्रुवारीतले बार्सिलोना थंड असते. २०१८ मध्ये तिथे चाचणीच्या एका दिवशी चक्क बर्फ पडला आणि धावणे जवळपास थांबले. अशा थंडीत टायर नीट तापत नाही, त्याचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि चांगली गाडीही वाईट दिसते. बहरीनला दुपारी ऊन आणि वाळू असते, तर तिथली शर्यत दिव्यांखाली होते. म्हणून तिथल्या संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांनाच पुढच्या शर्यतीच्या दृष्टीने वजन असते. भारतीय घड्याळाने हे तास साडेसात ते साडेनऊचे, त्यामुळे भारतात बसून वेळा टिपणाऱ्यालाही नेमका उपयोगाचा भाग पाहता येतो. सर्किटचा स्वभावही पाहावा लागतो. बहरीनला मागचे टायर लवकर थकतात, बार्सिलोनाला पुढचा डावा. २०२१ ते २०२४ या काळात हंगामाची पहिली शर्यत बहरीनलाच असल्याने चाचणी आणि शर्यत यांची थेट तुलना करता आली. २०२५ मध्ये पहिली शर्यत मेलबर्नला गेली आणि त्या वर्षी बहरीनचे निष्कर्ष दुसऱ्या प्रकारच्या वळणांसाठी रूपांतरित करावे लागले.

या तुलनेतून मिळणारे आकडे वेळफलकाची मर्यादा नेमकी दाखवतात. २०२२ मध्ये चाचणीतली सर्वोत्तम वेळ १:३१.७२० होती आणि पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतले पहिले स्थान, १:३०.५५८ ला मिळाली, फरक १.१६२ सेकंद. २०२३ मध्ये सर्जिओ पेरेझची चाचणीतली वेळ १:३०.३०५ आणि पोल १:२९.७०८. २०२४ मध्ये साइन्झची १:२९.९२१ आणि पोल १:२९.१७९. २०२१ मध्ये मात्र व्हर्स्टापेनची चाचणीतली १:२८.९६० ही वेळ त्याच्याच १:२८.९९७ या पोलच्या वेळेपेक्षा चांगली होती. म्हणजे संघ चाचणीत ठरावीक एवढा वेग राखून ठेवतात आणि तेवढा सरसकट वजा केला की उत्तर मिळते, असा नियम बसत नाही. अव्वल वेळ काढणाऱ्यांचे पुढे काय झाले तेही असेच विखुरलेले आहे. २०२१ मध्ये व्हर्स्टापेन पहिल्या शर्यतीत दुसरा आला, २०२२ मध्ये त्याची गाडी शेवटच्या लॅपांत बंद पडली, २०२३ मध्ये पेरेझ दुसरा आणि २०२४ मध्ये साइन्झ तिसरा आला, तर २०२५ मध्ये साइन्झ मेलबर्नला पहिल्याच लॅपला बाहेर पडला.

म्हणून शेवटचा निष्कर्ष क्रमांकांच्या यादीत न मांडता गटांत मांडतात. आधी लाँग रनच्या सरासरी आणि उतारावरून संघ दोन किंवा तीन गटांत विभागले जातात. मग इंधनाची खालची मर्यादा आणि टायर यांच्या दुरुस्त्या करून एका लॅपच्या वेगाचा पट्टा काढला जातो, उदाहरणार्थ ‘आघाडीपासून ०.२ ते ०.६ सेकंद मागे’. दोन संघांचे पट्टे एकमेकांवर पडत असतील तर त्यांना बरोबरीचे म्हणतात. त्यानंतर कडेवरून दिसलेल्या गोष्टी आकड्यांशी जुळतात का ते तपासले जाते. आकडे एक म्हणतात आणि गाडीची चाल दुसरे, अशा संघापुढे प्रश्नचिन्ह राहते. शेवटच्या दिवशी नवे भाग लावलेल्या संघाच्या आधीच्या दोन दिवसांच्या नोंदी बाजूला काढल्या जातात. संपादकाला पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी हवी असते आणि वाचकालाही ती आवडते. पण मधल्या फळीत चार-पाच संघ दोन-तीन दशांशांत असताना अशी यादी पुराव्याच्या पुढे जाते. आघाडीचा गट आणि तळाचा गट यांबद्दल चाचणी बऱ्यापैकी विश्वासाने बोलते. मधल्या फळीतल्या क्रमाबद्दल नाही.

पहिल्या पात्रता फेरीत सगळ्या गाड्या हलक्या टाकीने, पूर्ण ताकदीने आणि वजनकाट्याच्या धाकाखाली धावतात. तेव्हा अंदाज तपासता येतो, पण एका सर्किटवरून तो खरा किंवा खोटा ठरवणेही घाईचे होते. तीन-चार वेगवेगळ्या स्वभावाच्या सर्किटांवरची सरासरी घेऊन ती चाचणीच्या वहीशेजारी मांडली की कोणत्या संघाला किती सूट जास्त दिली गेली, इंधनाचा अंदाज कुठे चुकला आणि कोणते निरीक्षण बरोबर होते हे कळते. हा ताळा दरवर्षी लिहून ठेवणाऱ्याला पुढच्या फेब्रुवारीत कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे याचे स्वतःचे माप मिळते. नियम बदलले की त्या मापाचा काही भाग रद्द होतो; इंधन, टायर आणि वजन यांचा हिशेब तेवढा नव्या आकड्यांसह पुन्हा मांडावा लागतो.